ऑडिशन एका रविवारी, तालीम रोज रात्री

जळगावात हौशी नाटकाचा संच जमवायची एक रुळलेली रीत आहे. दिग्दर्शक संहिता पक्की करतो आणि त्याच रात्री फोन घेऊन बसतो. बापाच्या कामाला अमुक काका, थोरल्या भावाला विम्याचं काम करणारे दादा, इरसाल शेजाऱ्याला मेडिकलवाला. बायकांच्या भूमिकांना ज्या दोघी-तिघी वर्षानुवर्षं उभ्या राहत आल्या, त्यांच्यातली जी मोकळी असेल ती. दुसरा चहा संपेपर्यंत नाटक उभं! या रीतीला नावं ठेवायचं कारण नाही. पाठांतर चोख असणारी आणि प्रयोग संपल्यावर मध्यरात्री सेट उचलू लागणारी माणसं अशीच मिळतात. फक्त ही माणसं दरवर्षी एकेक वर्षाने मोठी होतात आणि संहितेतली धाकटी बहीण मात्र एकोणीसचीच राहते.

ज्या संस्थेचं हे प्रकरण आहे तिची गाडी नेमकी इथे अडली. संस्थेचं नाव देत नाही, कारण जे झालं ते इथल्या कुठल्याही संस्थेत होऊ शकलं असतं. गावातल्याच लेखकाने लिहिलेलं नवं दोन अंकी नाटक होतं, शेताच्या वाटणीवरून फुटत जाणारं घर, नऊ पात्रं. धाकटी बहीण शिकणारी, सगळ्यांची भांडणं ऐकून घेणारी आणि दुसऱ्या अंकात आपला हिस्सा मागणारी. नाटक तिच्यावर तोललेलं. संस्थेत पस्तिशीच्या आतली एकही अभिनेत्री उरलेली नव्हती. एकीची नाशिकला बदली झालेली, दुसरी लग्न होऊन सुरतेला गेलेली. आणि नाटक उतरवायचं होतं राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेत, जळगाव केंद्रावर.

ही स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं आणि तिने कधीच साठी ओलांडली आहे. केंद्रावर रोज संध्याकाळी एक नाटक, समोर तीन परीक्षक, प्रेक्षकांत बरेचसे बाकीच्या संस्थांचे लोक, आणि पहिलं येणारं नाटक अंतिम फेरीला. पुण्या-मुंबईकडच्यांना यात फारसं काही वाटणार नाही. आमच्याकडे हौशी माणसाचं अख्खं वर्ष या एका संध्याकाळीभोवती फिरतं. म्हणून खूप चर्चा, थोडी कुरबुर आणि एका ज्येष्ठ सभासदाचा रुसवा यानंतर ठरलं की या वेळी खुली ऑडिशन घ्यायची. मी संचात रंगमंच व्यवस्था बघत होते. ऑडिशनची वहीही माझ्याकडेच होती.

पोस्टर असं होतं: नाटकाला कलाकार हवेत, वय १८ ते ६०, अनुभवाची अट नाही, रविवारी सकाळी दहाला अमुक शाळेच्या हॉलमध्ये यावे. खाली एक मोबाइल नंबर. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, कॉलेजांच्या सूचना फलकांवर लागलं, एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटलं. त्यात जे नव्हतं ते नंतर महागात पडलं. तालीम किती वाजता, आठवड्यातून किती दिवस, किती महिने, मानधन आहे की नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं. फोन करून जमवलेल्या संचाला हे सगळं पाठच असतं, त्यामुळे ते लिहायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गणपती गेल्यावरच्या त्या रविवारी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. कॉलेजची मुलं बहुसंख्येने, नर्सिंगच्या दोघी, भुसावळहून रेल्वेतला एक तरुण, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका, पत्नीने जबरदस्तीने पाठवलेले एक शिंपी, आणि चोपड्याकडच्या एका खेड्यातून आलेला, गावच्या वहीगायनात, म्हणजे खान्देशी लोकगाण्यात म्हणणारा एक गडी. दिग्दर्शकांनी नेहमीसारखं केलं. प्रत्येकाला संहितेतलं एक पान दिलं आणि म्हणाले, ‘वाचा.’

कॉलेजची मुलं फाडफाड वाचत होती. वहीवाल्याची पाळी आली तेव्हा तो पहिल्याच ओळीला अडखळला. बोट ओळीखाली धरून एकेक शब्द जोडत तो चालला, आणि हॉलमध्ये मागे कोणीतरी हसलं. तो थांबला, पान घडी करून परत द्यायला निघाला. तेवढ्यात दिग्दर्शकांच्या सहायक, निवृत्त शिक्षिका आहेत त्या, म्हणाल्या, ‘दादा, कागद ठेवा बाजूला. तुमच्या भावाने तुम्हाला न विचारता विहिरीची मोटर काढून नेली. तो समोर उभा आहे. बोला त्याच्याशी.’ त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ काही बोललाच नाही. मग आवाज अजिबात न चढवता त्याने फक्त विचारलं, ‘कथा लई गया रे भो?’ कुठे नेलीस, एवढंच. मागे हसणारे गप्प झाले. चार पावलं पुढे येऊन त्याने तेच पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू. मला वाटतं त्या क्षणी आमच्या ऑडिशनची पद्धत बदलली. वाचायला देऊन आम्ही बघत होतो की कोणाला सराईत वाचता येतं. अभिनय त्यात अधूनमधून दिसायचा, तोही योगायोगाने.

त्यानंतर सगळ्यांना आधी प्रसंग तोंडी सांगितला, दहा मिनिटं बाहेर जाऊन विचार करायला दिली आणि संवाद शेवटी दिले. वेळ दुप्पट लागला, दुपारचं जेवण राहिलं, पण वहीत लिहिण्यासारखं काहीतरी मिळालं.

कॉलेजच्या मुलांबद्दल इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण खान्देशात तरुण नट घडतो तो मुख्यतः युवारंगात. १९९० साली जळगावला विद्यापीठ आलं, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हा त्याचा पसारा, आणि त्याचा युवक महोत्सव म्हणजे युवारंग. पोरांना नाटकाची पहिली गोडी तिथेच लागते. देशभरच्या युवक महोत्सवांत चालतो तोच साचा: विडंबननाट्याला दहा मिनिटं आणि सहा जण, मूकनाट्याला पाच मिनिटं. दहा मिनिटांत टाळ्या घ्यायच्या तर प्रत्येक वाक्य प्रेक्षकांच्या अंगावर फेकावं लागतं, प्रत्येक एन्ट्रीला हशा हवा. पोरं यात तरबेज होतात. आवाज, टायमिंग, समूहात एकदम वळणं, सगळं पक्कं. पण दोन अंकी नाटकात पाऊण वेळ समोरच्याचं ऐकायचं असतं, आणि ऐकणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आलेल्यांपैकी बहुतेक मुलं समोरचा बोलत असताना आपलं पुढचं वाक्य ओठांत घोळवत होती. हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. ज्या स्पर्धेसाठी घडवलं तसे ते घडले.

अपवाद होती ती एक मुलगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धरणगावच्या पुढच्या खेड्यातून रोज अप-डाउन करणारी. नाटकाचा अनुभव म्हणजे शाळेतलं एक पथनाट्य. तिला प्रसंग दिला होता तो दोघे भाऊ भांडत असताना बहिणीने मधे काहीही न बोलता भाकरी वाढायची. संवाद शून्य. ती दोघांच्या ताटाकडे अशी पाहत राहिली की कोणाच्या ताटात किती वाढायचं याचाच तिला प्रश्न पडलाय, आणि वाटणीचं सगळं नाटक त्या दोन ताटांत दिसलं. वहीत तिच्या नावापुढे दिग्दर्शकांनी स्वतःच्या हाताने दोन रेघा मारल्या.

आणि तरी भूमिका दुसऱ्या मुलीला गेली.

कारण साधं होतं. तालीम रात्री आठ ते साडेदहा. दिग्दर्शक बँकेत, थोरला भाऊ करणारे दादा विम्याच्या कामाने दिवसभर फिरतीवर, मेडिकलवाल्याचं दुकान साडेनऊला बंद होणार. आठच्या आधी जमणं अशक्य, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्या मुलीच्या गावाची मुक्कामी एसटी संध्याकाळी साडेसातला सुटते. त्यानंतर धरणगावपर्यंत काहीतरी मिळतं, पुढे गावापर्यंत काही नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने पोरींचं अप-डाउन स्वस्त झालं हे खरं, पण जी गाडीच नाही तिचं अर्धं तिकीट काय कामाचं! दुसरी मुलगी शहरातली, घरी स्कूटी, वडील नाटकाचे शौकीन. ऑडिशनला ती बरी होती. बरी एवढीच.

यादी ग्रुपवर पडली त्या रात्री वहिनीची भूमिका करणाऱ्या काकूंनी दिग्दर्शकांना फोन केला. काकूंची या गावात मोठी पुण्याई आहे, त्यांना कोणी उलट बोलत नाही. त्या म्हणाल्या, ‘मग ऑडिशन घेतली कशाला? नेहमीसारखे फोनच करायचे होते.’ दिग्दर्शक चिडले, आणि माझ्या मते त्यांचं चिडणंही रास्त होतं. स्पर्धेच्या तारखेला नाटक उभं राहिलं नाही तर शिव्या त्यांनाच बसणार होत्या. रोज तालमीला येऊ न शकणारी गुणी मुलगी आणि रोज येणारी बरी मुलगी यांत दुसरी घ्यावी, हे हौशी रंगभूमीवर कोणीही अनुभवी माणूस सांगेल.

तिढा सोडवला सहायक बाईंनी, तोही फळ्यावर. शाळेचाच हॉल, खडू तिथेच पडलेला. त्यांनी आडवे प्रवेश मांडले, उभी पात्रं मांडली, आणि कोण कोणत्या प्रवेशात आहे तिथे फुल्या मारल्या. शेजारी प्रत्येकाची मोकळी वेळ लिहिली. बहिणीचे सहा प्रवेश होते. त्यांतले चार बाप आणि वहिनी यांच्याबरोबर. बापाच्या कामाला निवड झाली होती पाटबंधारेवाल्या निवृत्त काकांची, ते दिवसभर मोकळे. काकूंना तर रात्रीपेक्षा संध्याकाळच सोयीची, रात्री घरी जेवणं असतात. म्हणजे नाटकाचा सगळ्यात नाजूक भाग पाच ते सात या वेळेत बसत होता, आणि आजवर तो रात्री आठला का बसवत होते, तर दिग्दर्शक आठला येतात म्हणून. उरलेल्या दोन प्रवेशांत घर भरलेलं, ते रविवारी. इतक्या वर्षांत हा तक्ता कोणी मांडला नव्हता. गरज पडली नव्हती, कारण ज्याला आठची वेळ जमत नाही तो संचात कधी शिरलाच नव्हता.

यात दिग्दर्शकांना एक गोष्ट सोडावी लागली, आणि तिचं मोल कमी नाही. चार प्रवेशांच्या हालचाली त्यांच्या गैरहजेरीत बाईंनी बसवायच्या, त्यांनी त्या रविवारी पाहायच्या. सुरुवातीला रोज खटके उडाले. त्यांनी रविवारी बदललेल्या हालचाली सोमवारी पुन्हा पहिल्यासारख्या व्हायच्या, कारण नोंदच नसायची. मग प्रत्येक बदल संहितेच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा नियम आला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. स्कूटीवाल्या मुलीला फोन करून सांगणं हा सगळ्यात अवघड भाग होता. तिला शेजारच्या मुलीची छोटी भूमिका दिली आणि बहिणीची पर्यायी कलाकार म्हणून पूर्ण पाठांतर करायला सांगितलं. ती दोन दिवस ग्रुपवर काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तालमीला आली.

मुलीचे वडील एका संध्याकाळी न सांगता हॉलवर येऊन बसले. पायजमा-सदरा, हातात कापडी पिशवी, बाजार समितीतून परस्पर आलेले. पूर्ण प्रवेश पाहिला. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. मग बाईंना म्हणाले, ‘मॅडम, नाटकले मनी ना नई. रातले पोर घर कशी यी, तेवढं सांगा.’ शेवटच्या पंधरवड्यात पूर्ण नाटकाच्या तालमी रात्रीच होणार, त्या टाळता येणार नव्हत्या, हे बाईंनी सरळ सांगितलं. काकूंनी मुलीला तेवढे दिवस आपल्या घरी ठेवून घ्यायचं ठरलं. वडिलांनी काकूंच्या घरी जाऊन खोली पाहिली, काकूंच्या यजमानांशी पिकापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पुढच्या खेपेला केळीचा घड घेऊन आले. आमच्याकडे मुलगी नाटकात येते ती अशी दोन घरांची ओळख होऊन. कुठलंही पोस्टर हे काम करू शकत नाही.

धाकटा भाऊ मात्र गेला. चांगला मुलगा, हरहुन्नरी. तालमी रंगात आल्यावर एक दिवस म्हणाला, सर, कॉलेजच्या टीमची प्रॅक्टिस सुरू झालीय, दोन्ही जमत नाही. दिवाळीच्या आगेमागे परीक्षा, पाठोपाठ युवारंगाची तयारी, आणि आमची स्पर्धाही त्याच हंगामात. कॉलेजकडून त्याला प्रमाणपत्र मिळणार, हजेरीत सवलत मिळणार, विद्यापीठात नाव होणार. आम्ही त्याला रोज एक वडापाव देत होतो. संचातल्या काहींनी त्याला धरसोड्या ठरवलं. मला ते पटलं नाही. बाहेरच्या संस्थेत काम केल्याचा एक कागदही विद्यार्थ्याला मिळत नसेल तर तो कॉलेजचीच टीम निवडणार.

इथे ऑडिशनची वही कामाला आली. कोण कसा होता, कोणाला कोणती वेळ जमते, सगळं टिपलेलं. भुसावळच्या रेल्वेवाल्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘ऐकतो. शिफ्ट बदलती.’ त्याला फोन केला. तो वयाने थोरल्या भावापेक्षा फार लहान दिसत नव्हता, म्हणून लेखकाने दोन वाक्यं बदलून दिली. शिफ्टचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीलाच फळ्यावर लागला आणि त्याच्या रात्रपाळ्या सोडून तालमी लावल्या. भुसावळ-जळगाव गाड्यांची ददात नाही, त्यात तो रेल्वेतलाच.

भाषेवरून झालेला वाद थोडक्यात सांगते. दिग्दर्शकांना स्पर्धेसाठी सगळ्यांच्या तोंडी ‘स्वच्छ’ मराठी हवी होती. वहीवाल्याला शेतातल्या सालदाराचं काम दिलं होतं, त्याला ती जमेना, आणि बहीण करणारी मुलगी ती बोलायला लागली की बातम्या वाचल्यासारखी वाटायची. लेखकाने मार्ग काढला: घरातली माणसं आपसात बोलतील ती खान्देशी हेलात, तलाठ्यासमोर आणि वकिलासमोर बोलतील ती पुस्तकी. म्हणजे हिस्सा मागताना बहीण भावांशी अचानक पुस्तकी बोलायला लागते. ती युक्ती मुळात सोयीसाठी होती. प्रयोगात तिथे अंगावर काटा आला.

प्रयोग झाला. पहिल्या अंकात एक स्पॉट पेटलाच नाही, दुसऱ्या अंकात मेडिकलवाल्याने एक पूर्ण पान गाळलं आणि काकूंनी ते बेमालूम शिवलं. नाटक पहिलं आलं नाही. अभिनयाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रांच्या यादीत आमच्यापैकी एक नाव होतं, आणि ते सालदाराचं होतं. जो वाचनाचा कागद घडी करून परत द्यायला निघाला होता त्याचं.

प्रमाणपत्राचा विषय त्यानंतर संस्थेच्या बैठकीत रीतसर आला. कामात असलेल्या दोन मुलांना पुढे नाटकाचं शिक्षण घ्यायचं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करायचा तर पदवीबरोबर किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी असो, निवडीच्या वेळी आधी काय केलं हा प्रश्न येतोच. संस्थेने आजवर कुणालाच पत्र दिलं नव्हतं, कारण विमा विकणाऱ्या दादांना त्याचा काय उपयोग? आता लेटरहेडवर नाटकाचं नाव, भूमिका, केंद्र आणि प्रयोगाची तारीख घालून सगळ्यांना पत्र मिळतं. खर्च कागदाचा. माझ्या मते खुल्या ऑडिशनपेक्षाही हा बदल मुलांना जास्त उपयोगी पडेल, कारण खान्देशात सहा नाटकं जमवायला मुलाला बरीच वर्षं लागतात.

तसं पाहिलं तर संधी आहेत. राज्य स्पर्धेच्याच हिंदी, संस्कृत आणि बालनाट्याच्या वेगळ्या स्पर्धा असतात. लोकांकिका या ‘लोकसत्ता’च्या एकांकिका स्पर्धेसाठी मुलं नाशिक केंद्र गाठतात. पण प्रत्येकीची जाहिरात वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या महिन्यात, आणि तळोद्याच्या किंवा यावलच्या मुलाला ती कळते तोवर मुदत संपलेली असते. आमच्या संस्थेतल्या एका तरुण सभासदाने आता या सगळ्यांच्या तारखा एका मेसेजमध्ये टाकून कॉलेजांच्या ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली आहे.

पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर तालमीचे दोन वेळगट, एकूण कालावधी, मानधन नाही पण प्रवासखर्च मिळेल, आणि काम केल्याचं पत्र मिळेल, असं सगळं छापलं. आले ते आदल्या वर्षीपेक्षा कमी, पण निवड झाल्यावर कोणी गळालं नाही. दिग्दर्शक म्हणतात गर्दी कमी झाली हे बरं झालं. मला ते तितकं सरळ वाटत नाही. अटी वाचून जे आलेच नाहीत त्यांच्यात वहीवाल्यासारखा कोणी असेलही.

एक कोडं अजून तसंच आहे. दोन्ही वर्षी तिशी ते पंचेचाळिशीतली एकही नवीन बाई ऑडिशनला आली नाही. मुली येतात, साठीच्या काकू येतात, मधल्या गायब. पाच ते सात ही वेळ त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट, मुलं शाळेतून येतात, स्वयंपाकाची घाई, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेती असलेल्या घरात तर विचारायलाच नको. बाईंनी दुपारी दोन ते चार असा तिसरा वेळगट सुचवलाय, पण त्या वेळी शाळेचा हॉल मोकळा नसतो. सध्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाशी बोलणं चालू आहे. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी वरचा मजला वापरा म्हणतो, फक्त विजेचं बिल भरा. यंदाच्या संहितेत तिशीतल्या दोन बायका आहेत, आणि त्यांचे प्रवेश कोणाकोणाबरोबर आहेत याचा तक्ता ऑडिशनच्या आधीच फळ्यावर मांडून झाला आहे.